कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोले तालुक्यातल्या या डोंगरांत मी बरीच वर्षं जातोय. आधी एकटा जायचो, मग मित्रांबरोबर, आता ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन जातो. मे महिना उजाडला की फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. काही मोठी झाली आहेत. ते विषयच तसे आहेत.

हे अभयारण्य नेमकं कुठे आहे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड आणि मधे रतनगड, भंडारदरा, घाटघर, साम्रद असा हा पट्टा. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. पश्चिमेची कड सरळ कोकणात तुटते, पूर्वेचं पाणी प्रवरा आणि मुळा या नद्यांतून गोदावरीकडे जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. हे कुंपण घातलेलं रिकामं रान नाही. आत गावं आहेत, भातखाचरं आहेत, शाळा आहेत, देवराया आहेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तुम्ही ज्या वाटेनं गडावर जाता ती कुणाची तरी गुरं चारायची वाट असते. ज्या झाडाखाली काजवे बघायला उभे राहता, त्या झाडाचा हिरडा वेचून कुणाच्या तरी घरात मीठमिरची येते.

कधी यावं?

पहिल्यांदाच येत असाल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, ओढे अजून वाहते असतात, भात पोटरीला आलेलं असतं आणि कळसूबाईच्या उतारावर सोनकीचा पिवळा सडा पडलेला असतो. हवा धुतल्यासारखी स्वच्छ. कळसूबाईवरून अलंग, मदन, कुलंग, रतनगड असे एकेक ओळखत पार हरिश्चंद्रगडापर्यंत बोट नेता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांसाठी झुंबड उडते. पाऊस बघायला जरूर या, पण गड चढायला नको. घाटघर-साम्रदकडे या दिवसांत धुकं इतकं दाट असतं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. पाऊस बघायचा तर भंडारदरा धरणाच्या तळ्याकाठच्या एखाद्या घराच्या पडवीत बसून बघा, त्याच्यासारखं सुख नाही.

थंडी गडांसाठी उत्तम. एप्रिल-मे तापतो, पाण्याची टंचाई असते. त्या दिवसांत आलात तर गावातलं पाणी जपून वापरा. ते दुरून डोक्यावर आलेलं असू शकतं.

काजवे बघायला नेमकं कधी आणि कुठे जायचं?

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, म्हणजे वळवाच्या सरी पडून गेल्यापासून पाऊस नीट लागेपर्यंत. तारीख ठरवून काजवे येत नाहीत. वळीव लवकर झाला तर लवकर दिसतात, पावसानं एकदम जोर धरला की दोन-चार दिवसांत संपतात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुरशेत, पांजरे या भागातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते जमतात.

सगळ्या झाडांवर नसतात. एखादंच झाड निवडतात आणि त्याच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लुकलुक सुरू होते. थोडा वेळ नुसती गर्दी वाटते, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं. मग कुठून तरी ताल धरला जातो आणि सगळं झाड एका दमात पेटतं, विझतं, पेटतं. शेजारचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं अर्ध्या क्षणानं पेटतं. मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी बोलणं सुचत नाही.

हा उजेड म्हणजे नर-मादीचं बोलावणं आहे. नर चमकून खूण करतात, मादी खालून, गवतातून उत्तर देते. काजव्याचं बरंचसं आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत जातं. तिथे ती गोगलगायींवर जगते. पंख फुटल्यावर हातात थोडेच दिवस उरतात आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. आता त्या झाडाखाली गाडीचे दिवे लागले, टॉर्च फिरले, मोबाइलचे फ्लॅश उडाले, तर ती खूण पोहोचायची कशी? आणि झाडाखालच्या गवतात माणसं फिरली तर मादीच पायाखाली जाते.

एका वर्षी मी स्वतः हे पाहिलं. झाड ऐन रंगात आलं होतं. वळणावरून एक गाडी आली आणि तिचे दिवे सरळ झाडावर पडले. सगळं झाड विझलं. गाडी निघून गेल्यावर आम्ही पंधरा-वीस मिनिटं अंधारात गप्प उभे होतो, तरी पहिला ताल परत आला नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच: शनिवार-रविवार टाळा. गाडी गावात लावा आणि गावातल्याच माणसाबरोबर चालत जा. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिन कागद लावा आणि झोत पायांपुरता ठेवा. रस्त्यावरूनच बघा, झाडाखाली जाऊ नका. फोटो मोबाइलवर येत नाहीत, तेव्हा तो खिशातच राहू द्या. या दिवसांत वाहनांच्या वेळेवर वनविभागाचे निर्बंध असतात, ते निघण्याआधी विचारून घ्या.

पोहोचायचं कसं?

मुंबईहून लोकलनं कसारा, किंवा लांब पल्ल्याच्या गाडीनं इगतपुरी; तिथून घोटीमार्गे बारी आणि पुढे शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदऱ्याचं गाव. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. नाशिक सगळ्यात जवळ, सत्तरेक किलोमीटर. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायची. नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं. सुटे पैसे जवळ असू द्या, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

कळसूबाई मला जमेल का?

रोज तासभर चालणाऱ्या माणसाला जमते. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जायला तीनेक तास. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवल्यात. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. पहाटे चारला निघालात तर सूर्योदय वर मिळतो आणि उतरताना ऊनही लागत नाही.

वर पोहोचल्यावर लोक दरीकडे तोंड करून फोटो काढतात. आधी वळून देवीचं दर्शन घ्या. ती इथली लेक आहे. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची कोळ्यांची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केरवारा करणार नाही, या अटीवर. एक दिवस पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं गेलं. तिनं काम केलं, आणि डोंगर चढून गेली ती कायमची. जिथे तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया अनवाणी हा डोंगर चढतात. महागडे बूट घातलेल्यांना मागे टाकून जातात.

हरिश्चंद्रगडावर कोणत्या वाटेनं जावं?

पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांची, ओढ्याच्या कडेकडेनं कातळपोटातून जाणारी. मुलं बरोबर असतील तर हीच. खिरेश्वरची वाट पुणे जिल्ह्यातून, टोलार खिंडीतून येते. ती लांब आहे आणि खिंडीनंतरच्या टेकाडांत धुकं असलं की माणूस हमखास भरकटतो. पण तिच्या पायथ्याशी नागेश्वराचं जुनं मंदिर आहे, त्याचं छत मान वर करून बघावं असं. तिसरी नळीची वाट कोकणातून, बेलपाड्यावरून. ती फक्त सरावलेल्या लोकांसाठी, दोर आणि वाटाड्यासह.

गडावर काय बघायचं? सगळे कोकणकडाच म्हणतात.

कोकणकडा बघाच. अर्धवर्तुळात आत वळलेला तो कातळ आणि त्याखाली कोकण. कड्यावर पालथं पडून खाली डोकावलं की पोटात खड्डा पडतो. खालून वारा इतक्या जोरात येतो की टाकलेली हलकी वस्तू वर परत येते. (म्हणून काही टाकून बघू नका, खाली गावं आहेत.) दरीत धुकं आणि पाठीमागे कलतं ऊन असलं तर समोर गोल इंद्रधनुष्य पडतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते इथे दिसलं होतं, असं सांगतात.

पण फक्त कड्यावर धावत जाऊन परत फिरणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी तासभर तरी बसा. शिखराचे थर, बाजूची पुष्करणी आणि तिच्या काठाची देवकोष्ठं, मागची लेणी. इथून मंगळगंगा निघते. मंदिराच्या परिसरात शिलालेख आहेत, त्यांत चक्रपाणी वटेश्वराचं नाव वाचता येतं. चांगदेवांनी इथे तप केलं आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच लिहिला, असं मानलं जातं. म्हणजे आपण ज्याला ट्रेकचा गड म्हणतो, तो आधी कितीतरी शतकं साधकांचा डोंगर होता. लढाईचा इतिहास त्या मानानं थोडका: १७४७-४८ मध्ये मराठ्यांनी तो मोगलांकडून घेतला.

खाली केदारेश्वराची गुहा. प्रचंड शिवलिंग, भोवती कमरेइतकं बर्फगार पाणी आणि वरचं छत. चार खांबांपैकी तीन तुटलेत, एक उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं आणि हा कलियुगाचा, असं लोक सांगतात. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालता येते, पण साबण-शाम्पू घेऊन उतरणारे मी पाहिलेत. ते देवाचं पाणी आहे, आणि देव मानत नसाल तरी पाणी आहे.

वेळ उरला तर तारामती चढा, गडाचा सर्वोच्च माथा तोच. हरिश्चंद्र, तारामती, रोहिदास. राजाचं सगळं कुटुंब इथे शिखरं होऊन उभं आहे.

रतनगड आणि सांदण एका दिवसात होतील?

करणारे करतात. मी करू देत नाही. रतनगडाला नेढं आहे, म्हणजे माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा अंगावर घ्यायचा आणि उठायचंच नाही असं होतं. रतनवाडीच्या वाटेवर प्रवरा पुन्हापुन्हा ओलांडावी लागते, म्हणून ऐन पावसात ही वाट नको.

सांदण म्हणजे साम्रदजवळची कातळाची अरुंद भेग. दोन्ही बाजूंना उंचच उंच भिंती, मधे दगडधोंडे आणि सुरुवातीलाच पाणी. पावसाळ्यात ती बंद असते आणि ते योग्यच आहे. वर कुठेतरी पडलेला पाऊस क्षणात या भेगेत येतो आणि पळायला जागाच नसते. मॉन्सूनपूर्व वळवाचे ढग दिसले तरी आत शिरू नका, वाटाड्या "चला" म्हणाला तरी.

अलंग-मदन-कुलंगबद्दल बरेच जण विचारतात. ते प्रस्तरारोहण येणाऱ्यांचं काम आहे.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्यासाठी काय?

तळ्याभोवतीचा रस्ता. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून परत शेंडी, चाळीसेक किलोमीटर. मधे रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर. शिलाहार काळातलं हे देऊळ, खांबांवर आणि बाहेरच्या भिंतींवर बारीक कोरीव काम. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं आणि पावसात पिंड पाण्याखाली असते. घाटघरच्या कड्यावर संध्याकाळी खुर्ची टाकून बसवा त्यांना. एवढा दिवस पुरे होतो.

भंडारदरा धरण किती जुनं आहे?

काम १९१० ला सुरू झालं, १९२६ ला संपलं. मुंबईचा त्या वेळचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याच्यावरून धरणाचं नाव विल्सन डॅम पडलं. दगडी बांधकाम आहे, उंची ८२ मीटरच्या आसपास. नगर जिल्ह्याच्या खालच्या भागातला ऊस या पाण्यावर उभा राहिला. पाणी सोडलं की भिंतीच्या पायथ्याशी छत्रीच्या आकाराचा अंब्रेला फॉल दिसतो, तो बघायला गर्दी होते. मी मात्र प्रत्येक वेळी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या तळाकडे बघतो. जे पाणी खाली साखर झालं, त्याच्या काठच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन चालावं लागतं.

राघोजी भांगरे कोण होते? चौकात नाव दिसतं.

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. राघोजी इथल्याच देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकारांनी कर्जाच्या कागदांवर आदिवासींच्या जमिनी गिळायला सुरुवात केली होती आणि इंग्रजी कायदा सावकाराच्या बाजूनं उभा होता. १८४० च्या दशकात राघोजींनी या डोंगरांत बंड उभारलं. सावकारांच्या वह्या जाळल्या, कारण जमीन त्या वह्यांतच अडकली होती. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. १८५७ चा उठाव व्हायला अजून नऊ वर्षं होती.

गडांचे बुरूज मोजताना हे लक्षात असू द्या. या रानातल्या खिंडी आणि गुहा ज्यांना पाठ होत्या, त्यांनी त्या त्याच कामासाठी वापरल्या.

राहायचं कुठे, जेवायचं काय?

हॉटेलं शेंडीत आहेत. पण रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी इथे घरांत सोय होते, आणि मी तीच सुचवतो. पैसे थेट त्या घरात राहतात. किती जण येणार हे आदल्या दिवशी कळवा, आणि येणं रद्द झालं तर तेही कळवा. तीस माणसांचं पीठ मळून बसलेलं घर मी पाहिलंय.

जेवण म्हणजे नागलीची भाकरी, पिठलं किंवा हुलग्याचं शेंगोळं, ठेचा, भात. पावसाच्या तोंडाला आलात तर रानभाज्या मागा: चाईचा मोहोर, कोळू, भारंगी. भारंगी थोडी कडू लागते, पण पहिल्या घासावर ताट सरकवू नका.

पाचनईला एका घरी मी पहाटे चुलीपाशी बसलो होतो. मावशींनी नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून आधी हाटून घेतलं, मग परातीत मळून दोन तळव्यांमध्ये थापत भाकरी हातावरच वाढवली, पोळपाट नाहीच. तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. पहिली भाकरी त्यांनी मला दिली नाही. मोडून बाहेर कुत्र्याला आणि गाईला घातली, मग माझं ताट वाढलं. भिंत कारवीच्या कुडाची होती, शेणानं सारवलेली. तिच्या फटीतून उजाडताना दिसत होतं.

नियम काय आहेत?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे लागू आहे. शेकोटी नाही, शिकार-शस्त्र नाही, झाडं-फुलं तोडायची नाहीत, दारू आणि स्पीकर नाही. ड्रोनला परवानगी लागते. गडावर रात्री मुक्काम करता येईल का हे वेळोवेळी बदलतं, नाक्यावर विचारूनच तंबू बांधायला घ्या. प्लॅस्टिक जेवढं आणाल तेवढं परत न्या. वर पाण्याची बाटली विकणारा मुलगा गावातलाच असतो; त्याच्याकडून घ्या, पण रिकामी बाटली त्याच्या माथी मारू नका.

बिबट्या आहे का? साप?

दोन्ही आहेत. शिवाय तरस, भेकर, उदमांजर, शेकरू. बिबट्या दिसण्याची शक्यता फार कमी. सापांची काळजी जास्त घ्या: पायात बूट, रात्री पायाखाली उजेड, दगडाच्या फटीत हात नाही. पहाटे ओढ्यापाशी कुणीतरी शीळ घालत चाललंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर पक्षी.

काही अडलं तर?

११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. वणवा, जखमी प्राणी, शिकारीचा संशय असं काही दिसलं तर वनविभागाचा १९२६. धरण पुरं झालं तेच साल, म्हणून माझ्या लक्षात राहतो. दवाखान्यासाठी राजूर किंवा अकोले. बऱ्याच वाड्यांत रेंज नाही, म्हणून कोणत्या वाटेनं जाताय आणि कधी उतरणार हे ज्या घरी जेवलात त्यांना सांगून निघा. उशीर झाला की बॅटरी घेऊन सगळ्यात आधी तीच माणसं निघतात.

येताना घरी काय न्यावं?

तांदूळ न्या. काळभात मिळाला तर नक्की, त्याचा वास शिजताना घरभर होतो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असल्या गावरान वाणांचं बियाणं घराघरांतून जमवून जपलं, म्हणून ते आज मिळतं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नागली, वरई, हुलगे घ्या, आणि हंगाम असेल तर हिरडा. भाव करू नका. मापट्यानं मोजून झालं की मावशी वर आणखी एक मूठ टाकतील, पिशवी तेवढी मोठी ठेवा.